शुक्राणूला जागं करणारा रेणू: सायक्लिक एएमपी आणि पुरुषाची प्रजननक्षमता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्याकडे तपासण्या सुरू होतात त्या सुनेच्या. सोनोग्राफी, हॉर्मोन्स, नलिका मोकळ्या आहेत की नाहीत, एकामागून एक. नवऱ्याची तपासणी झालीच तर सगळ्यात शेवटी होते, आणि त्या कागदावर ‘काउंट नॉर्मल’ दिसलं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्यापुढचा सगळा भार मग तिच्यावर येतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ते चूक आहे. शुक्राणू किती आहेत याइतकंच ते योग्य वेळी जागे होतात का, हेही महत्त्वाचं असतं. ते जागं करण्याचं काम मुख्यतः सायक्लिक एएमपी नावाच्या एका छोट्या रेणूकडे आहे. त्याच्याबद्दल लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

सायक्लिक एएमपी म्हणजे नेमकं काय?

पेशीच्या आत निरोप पोहोचवणारा रेणू. पेशी ज्या एटीपीवर आपली ऊर्जेची गरज भागवते, त्याच एटीपीपासून तो बनतो. बनवणाऱ्या एन्झाइमचं नाव अ‍ॅडेनिलिल सायक्लेज. काम झालं की फॉस्फोडायएस्टरेज नावाची दुसरी एन्झाइम्स त्याला मोडून टाकतात. बनवणं आणि मोडणं सतत चालू असतं, म्हणूनच पेशीतलं त्याचं प्रमाण काही सेकंदांत वर चढू शकतं आणि तितक्याच पटकन खाली येऊ शकतं.

अमेरिकेतल्या अर्ल सदरलँड यांना तो १९५०च्या दशकात सापडला, तोही यकृतात. अ‍ॅड्रेनालिन यकृताच्या पेशीच्या बाहेरच राहतं, तरी आत साखर मोकळी होते. मग आत निरोप नेतं कोण, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणजे सायक्लिक एएमपी. या कामासाठी सदरलँड यांना १९७१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, चरबीच्या पेशी, सगळीकडे हा रेणू वापरात आहे. फक्त शुक्राणूंसाठी बनलेली ही वस्तू नाही.

मग शुक्राणूच्या बाबतीत त्याचं एवढं महत्त्व का?

शुक्राणूकडे दुसरा मार्गच फारसा नाही. इतर पेशींना परिस्थिती बदलली की त्या आपल्या जनुकांतून नवी प्रथिनं तयार करतात. शुक्राणूने हे जवळपास सोडून दिलेलं असतं. त्याच्या डोक्यात डीएनए इतका घट्ट आवळून बांधलेला असतो की त्यावरून नवं काही वाचता येत नाही. जी प्रथिनं वृषणातून आणि पुढच्या प्रवासातून मिळाली, तीच शेवटपर्यंतची शिदोरी. त्यामुळे वागणं बदलायचं तर असलेल्याच प्रथिनांना चालू किंवा बंद करावं लागतं, आणि ते चालू-बंद करणारा मुख्य निरोप सायक्लिक एएमपीचा असतो.

दुसरं असं की शुक्राणूतला हा रेणू बनवणारं एन्झाइमही वेगळ्या जातीचं आहे. बाकीच्या बहुतेक पेशींत ते पेशीच्या आवरणात रुतलेलं असतं आणि हॉर्मोनच्या इशाऱ्यावर काम करतं. शुक्राणूत मुख्य काम करणारं एन्झाइम विद्राव्य आहे, आवरणात बसलेलं नाही, आणि ते हॉर्मोनची वाट पाहत नाही. त्याला चालना देतं बायकार्बोनेट. न्यूयॉर्कमधल्या योखेन बक आणि लॉनी लेव्हिन यांच्या गटाने १९९९ मध्ये या एन्झाइमचं जनुक वेगळं काढलं आणि २००० मध्ये बायकार्बोनेट त्याला थेट उत्तेजित करतं हे दाखवलं. माणसात या जनुकाचं नाव एडीसीवाय१० आहे.

शरीरात असताना शुक्राणू पोहत नाहीत का?

जवळजवळ नाही. वृषणात एक शुक्राणू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तिथून तो एपिडिडायमिसमध्ये जातो. ही वृषणाच्या मागे गुंडाळलेली, उलगडली तर काही मीटर भरेल अशी बारीक नळी. तिच्यातून पुढे सरकत तो परिपक्व होतो आणि शेवटच्या टोकाशी साठून राहतो. पोहायचं सगळं सामान त्याच्याकडे तयार असतं, पण तो निपचित असतो.

कारण तिथलं वातावरण. एपिडिडायमिसमधला द्रव किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात बायकार्बोनेट मुद्दाम कमी राखलेलं असतं. बायकार्बोनेट नाही म्हणजे एन्झाइमला चालना नाही, सायक्लिक एएमपी नाही, हालचाल नाही. ऊर्जा वाया जात नाही आणि शुक्राणू टिकून राहतात.

वीर्यस्खलनाच्या क्षणी प्रोस्टेट आणि शुक्राशयाचे स्राव त्यात मिसळतात. बायकार्बोनेटचं प्रमाण एकदम वाढून सुमारे २५ मिलिमोलपर्यंत जातं. काही क्षणांत एन्झाइम जागं होतं, सायक्लिक एएमपी वाढतं आणि शेपटी हलू लागते. पुढे स्त्रीच्या बीजनलिकेतल्या द्रवातही बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे हा निरोप वाटेत तुटत नाही.

बायकार्बोनेट म्हणजे खायचा सोडाच ना? मग सोडा प्यायला तर?

रसायन तेच, पण असं काही करू नका. रक्तातलं बायकार्बोनेट फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून काटेकोर राखतात. सोडा प्यायल्याने एपिडिडायमिसमधलं किंवा वीर्यातलं प्रमाण हवं तसं वाढत नाही, उलट पोटात आणि रक्तदाबात गडबड होऊ शकते. काही ठिकाणी बायकांना सोड्याच्या पाण्याने योनी धुवायला सांगितलं जातं. तेही टाळा. योनीतल्या उपयुक्त जिवाणूंचा तोल त्याने बिघडतो.

कॅपॅसिटेशन हा शब्द डॉक्टर वापरतात. तो काय प्रकार आहे?

ताजा शुक्राणू पोहत असला तरी त्या क्षणी स्त्रीबीज फलित करू शकत नाही. त्यासाठी त्याला स्त्रीच्या प्रजननमार्गात, किंवा प्रयोगशाळेतल्या योग्य द्रवात, काही तास घालवावे लागतात. या तयारीला कॅपॅसिटेशन म्हणतात.

१९५१ मध्ये अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, हे ओळखलं. नुकतेच काढलेले शुक्राणू थेट बीजनलिकेत बीजाजवळ ठेवले तर काहीच होत नाही, आधी काही तास ठेवले तर फलन होतं, असं त्यांना दिसलं. त्याआधी कित्येक वर्षं लोक काचेच्या बशीत फलन घडवून आणायचा प्रयत्न करत होते आणि अपयश का येतं हे कुणालाच समजत नव्हतं.

कॅपॅसिटेशनमध्ये बरंच काही एकत्र घडतं. अल्ब्युमिनसारखं प्रथिन शुक्राणूच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि आवरण सैल होतं. आतला पीएच वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते. कॅल्शियम आत येऊ लागतं. या सगळ्याच्या मुळाशी बायकार्बोनेटमुळे वाढलेलं सायक्लिक एएमपी असतं. एक गोष्ट मला फार विचार करायला लावते: कुठल्याही एका वेळी सगळे शुक्राणू तयार नसतात. माणसात त्यातला थोडाच हिस्सा एका वेळी कॅपॅसिटेट झालेला असतो, तो काही वेळाने ओसरतो आणि दुसरे तयार होतात. स्त्रीबीज नेमकं कोणत्या तासाला बाहेर पडेल हे शुक्राणूंना ठाऊक नसतं, म्हणून कुणीतरी कायम तयार असणं गरजेचं ठरतं.

सायक्लिक एएमपी वाढल्यावर शुक्राणूच्या आत पुढे काय होतं?

तो प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमला चिकटतो आणि त्याला मोकळं करतो. मोकळं झालेलं हे एन्झाइम शेपटीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट जोडत सुटतं. काहींचा परिणाम सेकंदांत दिसतो, शेपटीचे फटके वेगाने पडू लागतात. काहींचा परिणाम तासाभराने किंवा त्याहून उशिरा दिसतो. टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लागलेली प्रथिनं हळूहळू वाढत जातात आणि शास्त्रज्ञ तीच कॅपॅसिटेशनची खूण म्हणून मोजतात.

इथे कॅल्शियमची गोष्ट येऊन मिळते. शेपटीच्या आवरणात कॅटस्पर नावाचा कॅल्शियमचा मार्ग असतो. तो शुक्राणूशिवाय दुसऱ्या कुठल्या पेशीत काम करताना दिसत नाही. डेव्हिड क्लॅफम यांच्या गटाने २००१ मध्ये तो शोधला. आतला पीएच वाढला की हा मार्ग उघडायला तयार होतो. माणसात त्याला आणखी एक जोरदार ढकल मिळते ती प्रोजेस्टेरॉनची. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी हे हॉर्मोन सोडतात, आणि ते कॅटस्परला उघडतं हे २०११ मध्ये जर्मनी आणि कॅलिफोर्निया इथल्या दोन गटांनी एकाच वेळी सिद्ध केलं.

कॅल्शियम आत शिरलं की पोहण्याची तऱ्हाच बदलते. आतापर्यंत सरळ, मोजक्या फटक्यांनी पुढे जाणारी शेपटी चाबकासारखी मोठ्या, वाकड्या फटकाऱ्यांनी हलू लागते. याला हायपरॲक्टिव्हेशन म्हणतात. बीजनलिकेच्या भिंतीला चिकटलेला शुक्राणू या जोरावर सुटतो, आणि स्त्रीबीजाभोवतीचं जाड कवच भेदायलाही हाच जोर लागतो. साधी गती असलेला शुक्राणू कवचापर्यंत पोहोचला तरी आत जाऊ शकत नाही.

हे एन्झाइम जन्मतःच नसेल तर?

उंदरांवर हे करून पाहिलं गेलं. २००४ मध्ये विद्राव्य अ‍ॅडेनिलिल सायक्लेजचं जनुक काढून टाकलेले नर उंदीर तयार केले. ते निरोगी दिसत होते, मादीशी जवळीक नेहमीसारखी करत होते, शुक्राणूंची संख्याही ठीक होती. पण पिल्लू एकही झालं नाही, कारण शुक्राणू जवळजवळ हलतच नव्हते. पेशीच्या आवरणातून आत जाऊ शकेल असं सायक्लिक एएमपीचं बदललेलं रूप त्यांना दिल्यावर शेपट्या हलू लागल्या. शेपटी बनवण्यात खोट नव्हती, तिला निरोप मिळत नव्हता.

माणसातही अशी उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये एडीसीवाय१० जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या दोन वंध्य पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या शुक्राणूंची गती अतिशय कमी होती, आणि प्रयोगशाळेत तशाच बदललेल्या सायक्लिक एएमपीने ती सुधारली. या पुरुषांच्या आरोग्यात आढळलेला दुसरा दोष म्हणजे मूत्रखडे होण्याकडे कल. असे पुरुष फार थोडे असतात, त्यामुळे मुतखडा झालेल्या प्रत्येकाने धास्ती घ्यायचं कारण नाही. मुतखडा आपल्याकडे अगदी सर्रास आढळतो आणि त्याची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात.

माझा सीमेन रिपोर्ट नॉर्मल आहे. म्हणजे माझ्यात दोष नाही ना?

रिपोर्ट नॉर्मल असणं ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावरून असं म्हणता येत नाही.

आधी ‘नॉर्मल’ म्हणजे काय ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत काही आकडे दिलेले आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, एकूण ३.९ कोटी, हलणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. ज्यांच्या पत्नीला प्रयत्न सुरू केल्यापासून वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासून हे आकडे काढले. त्यातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची ही सीमा आहे. याचा अर्थ या आकड्यांखाली असूनही बाप झालेले पुरुष आहेत, आणि वर असूनही मूल न झालेलेही आहेत. रिपोर्टवरची रेघ म्हणजे पास-नापासची रेघ नव्हे.

दुसरं, हा रिपोर्ट काय मोजतो ते लक्षात घ्या. किती आहेत, किती हलतात, कसे दिसतात. नमुना घेतल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातलं हे चित्र. पण शुक्राणूची खरी परीक्षा त्यानंतर काही तासांनी, दुसऱ्याच जागी होते. सायक्लिक एएमपीची साखळी नीट चढते का, कॅल्शियम आत येतं का, चाबकासारखे फटके सुरू होतात का, यातलं काहीच या कागदावर नसतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅटस्परचं आहे. काही पुरुषांत कॅटस्परचा मार्ग जनुकीय कारणाने बंद असतो. त्यांचा सीमेन रिपोर्ट अगदी व्यवस्थित येऊ शकतो. संख्या चांगली, गती चांगली, आकार चांगला. पण शुक्राणू हायपरॲक्टिव्हेट होत नाहीत. नैसर्गिकरीत्या मूल होत नाही, आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) अपयशी ठरतं, साध्या आयव्हीएफमध्येही (शरीराबाहेर स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र ठेवून फलन करण्याच्या पद्धतीतही) फलन होत नाही. अशा जोडप्याच्या फाइलवर ‘कारण अज्ञात’ असा शिक्का बसतो, आणि आपल्या घरांत ‘कारण अज्ञात’ म्हणजे बहुधा तिचं काहीतरी असणार, असं धरलं जातं. कित्येक बायकांनी अशा एका कागदापायी वर्षानुवर्षं टोमणे, नवस, उपास आणि दर महिन्याची इंजेक्शनं सोसली आहेत. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण पूर्ण किंवा अंशतः असतं. म्हणून दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हायला हवी, एकाची आधी आणि दुसऱ्याची नाइलाजाने नव्हे.

मग सायक्लिक एएमपी मोजून मिळतं का?

नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाही. संशोधनात ते मोजतात, कॅपॅसिटेशनच्या वेगवेगळ्या खुणाही तपासतात, पण रोजच्या सीमेन तपासणीत त्यांना स्थान मिळालेलं नाही. त्यामुळे कुणी मोठी रक्कम घेऊन ‘शुक्राणूची ताकद’ मोजून देतो म्हणत असेल, तर नेमकं काय मोजणार आणि त्यावरून उपचारात काय बदलणार, हे आधी विचारा. उत्तर धड मिळालं नाही तर पैसे वाचवा.

आयव्हीएफमध्ये या सगळ्याचा संबंध येतो का?

खूप जवळचा. आणि यामागचा इतिहास वाचला की थक्क व्हायला होतं.

१९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स मानवी स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करायचा प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं. तिथेच बॅरी बॅव्हिस्टर हा तरुण संशोधक हॅमस्टरच्या शुक्राणूंवर काम करत होता. त्याने एक द्रव तयार केला होता ज्यात बायकार्बोनेट होतं, अल्ब्युमिन होतं, आणि पीएच नेहमीपेक्षा थोडा वर होता. एडवर्ड्स यांनी तोच द्रव वापरला आणि मानवी स्त्रीबीजाचं फलन दिसलं. १९६९ मध्ये एडवर्ड्स, बॅव्हिस्टर आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी ते प्रसिद्ध केलं. बायकार्बोनेट नेमकं कोणत्या एन्झाइमला जागं करतं, हे समजायला त्यानंतर तीस वर्षं जायची होती. तरी हाताला योग्य द्रव लागला होता.

१९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या परळच्या प्रजनन-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवून आणला, तेव्हाही शुक्राणूंना याच तयारीतून जावं लागलं. आजही कुठल्याही आयव्हीएफ केंद्रातल्या इनक्युबेटरला पाच-सहा टक्के कार्बन डायऑक्साइड पुरवलेला असतो. द्रवातल्या बायकार्बोनेटचा आणि पीएचचा तोल त्यामुळे राहतो.

आययूआयच्या आधी वीर्य ‘वॉश’ करतात तेव्हा वीर्यद्रव काढून टाकून चांगले हलणारे शुक्राणू अशाच द्रवात घेतात. वीर्यद्रवात कॅपॅसिटेशनला आवर घालणारे घटक असतात, म्हणून तो काढणं फायद्याचं. इक्सीचं मात्र वेगळं आहे. १९९२ मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. त्याला पोहायचं नसतं, कवच भेदायचं नसतं, त्यामुळे निरोपाची साखळी तुटलेली असली तरी फलन होऊ शकतं. वर सांगितलेल्या कॅटस्परच्या दोषात हाच मार्ग उरतो.

कॉफी प्यायल्याने शुक्राणू वेगाने पळतात असं ऐकलं. खरं आहे?

प्रयोगशाळेतल्या बशीत खरं आहे, कपातल्या कॉफीत नाही. कॅफीन फॉस्फोडायएस्टरेजला अडवतं, म्हणजे सायक्लिक एएमपी मोडणं मंदावतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. बैलाच्या शुक्राणूंवर हा परिणाम १९७१ मध्येच नोंदला गेला. पण त्यासाठी लागणारं प्रमाण काही मिलिमोलचं असतं. दोन कप कॉफीनंतर रक्तात जेवढं कॅफीन असतं, ते त्याच्या सुमारे शंभरपट कमी भरतं.

याच तत्त्वावरचं पेंटॉक्सिफायलिन हे औषध मात्र आयव्हीएफ लॅबमध्ये खरोखर वापरतात. वृषणातून सुईने काढलेले शुक्राणू बहुधा हलत नाहीत, त्यामुळे जिवंत कोणता आणि मेलेला कोणता हे कळत नाही. थोडं पेंटॉक्सिफायलिन टाकलं की जिवंत शुक्राणूची शेपटी किंचित थरथरते आणि इक्सीसाठी तो निवडता येतो. निवड झाल्यावर शुक्राणू धुऊन घेतात.

व्हायग्राही असंच काम करते का?

तिचं लक्ष्य वेगळं आहे. व्हायग्रातलं औषध, सिल्डेनाफिल, हे फॉस्फोडायएस्टरेज-५ अडवतं आणि त्याने वाढतं ते सायक्लिक जीएमपी, म्हणजे सायक्लिक एएमपीचा भाऊबंद. लिंगातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, ताठरता येते. वंध्यत्वावरचा तो उपाय नव्हे. तपासणीसाठी नमुना देताना ताण येऊन अडचण होत असेल तर डॉक्टर ती देऊ शकतात, स्वतःहून दुकानातून आणू नका. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर ती जिवावर बेतू शकते.

गती वाढवायला कोणती गोळी घ्यावी? झिंक, प्रोटीन पावडर, इंजेक्शन?

सायक्लिक एएमपीची साखळी दुरुस्त करणारी कोणतीही सिद्ध झालेली गोळी आज बाजारात नाही. झिंक आणि फॉलिक आम्लाची अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. गोळ्या घेणाऱ्यांत मुलं जन्माला येण्याचं प्रमाण वाढलं नाही, वीर्याच्या मोजमापांतही म्हणावा असा फरक पडला नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड देत असेल तर मूल हवं असणाऱ्या पुरुषाने ते अजिबात घेऊ नये. बाहेरून हॉर्मोन आलं की मेंदू वृषणाला दिलेला आपला हुकूम थांबवतो आणि शुक्राणूंची निर्मिती बंद पडते, कधी शून्यावर येते. अंग भरलेलं, ताकद वाढलेली आणि काउंट शून्य, असे तरुण डॉक्टरांकडे जातात. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्याला कित्येक महिने लागतात.

तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडणं, वजन आणि साखर आटोक्यात आणणं, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा) असेल तर दाखवणं, हे सगळं करण्याजोगं आहे. फरक दिसायला तीन महिने तरी द्या, कारण आज दिसणारा शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेला असतो.

याच रेणूवरून पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी निघतेय असं वाचलं. ते काय आहे?

ज्या एन्झाइमशिवाय शुक्राणू हलत नाही, तेच काही तासांपुरतं बंद केलं तर? न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिनमधल्या बक-लेव्हिन गटाने आणि मेलानी बाल्बाख यांनी २०२३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. औषधाचं नाव टीडीआय-११८६१. नर उंदरांना एक डोस दिल्यावर पहिले दोन तास एकाही मादीला गर्भ राहिला नाही, तीन तासांपर्यंत परिणाम ९१ टक्के होता, आणि चोवीस तासांनी नर पूर्ववत प्रजननक्षम झाले. जवळीक करण्याच्या वागण्यात फरक पडला नाही.

यातली खरी कल्पकता औषध चिकटून राहण्यात आहे. शुक्राणू पुरुषाच्या शरीरातून स्त्रीच्या शरीरात जातो तेव्हा भोवतालचं औषध पातळ होऊन नाहीसं होतं. आधीची संयुगं त्या क्षणी सुटून जायची आणि शुक्राणू पुन्हा जागा व्हायचा. टीडीआय-११८६१ एन्झाइमला फार हळू सोडतं, म्हणून मादीच्या प्रजननमार्गातही शुक्राणू निपचित राहतात.

हे अजून उंदरांतलं यश आहे. आपल्याकडे ज्याची मोठी मानवी चाचणी झाली ते आयआयटी खरगपूरच्या सुजॉय गुहा यांचं रिसग हे वेगळं तंत्र आहे. त्यात शुक्रवाहिनीत एक बहुवारिक (पॉलिमर) इंजेक्शनने सोडतात, आणि निरोपाच्या रेणूशी त्याचा संबंध नाही.

असं औषध घेतल्याने कायमचं वंध्यत्व येईल का? हॉर्मोन बिघडतील का?

या पद्धतीत टेस्टोस्टेरॉनला हात लागत नाही. शुक्राणू बनणंही थांबत नाही, फक्त बनलेले शुक्राणू काही वेळ हलत नाहीत. त्यामुळे परिणाम ओसरल्यावर जुनी स्थिती परत येते, आणि उंदरांत ते दिसलं. काळजी घ्यायची ती वेगळ्या ठिकाणी. हे एन्झाइम शरीरात इतरत्रही आहे, मूत्रपिंडात आणि डोळ्यातही. रोज, वर्षानुवर्षं ते अडवलं तर मूत्रखडे किंवा डोळ्यातला दाब यावर काय परिणाम होईल, हे तपासल्याशिवाय असं औषध बाजारात येऊ नये. गरजेपुरतं, एका वेळचं औषध घेण्याची कल्पना त्यासाठीच पुढे आली.

तपासणीला जाताना काय लक्षात ठेवू? डॉक्टरांना काय विचारू?

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा, त्याहून जास्त नाही. शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरून न्यायचा असेल तर अंगाजवळ, उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवा, फ्रिजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत नको. पहिले थेंब सांडले तर तसं लॅबला सांगा, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड झाला असेल तर तेही सांगा. एकाच रिपोर्टवर निर्णय घेऊ नका, काही आठवड्यांनी दुसरा करा.

डॉक्टरांना विचारा: संख्येबरोबर पुढे सरकणाऱ्यांचं प्रमाण किती आहे? गती फारच कमी असेल तर न हलणारे शुक्राणू जिवंत आहेत की मेलेले, हे तपासलं का? आयव्हीएफ झालं असेल तर किती स्त्रीबीजं फलित झाली? रिपोर्ट चांगला असून एकही फलित झालं नसेल, तर कारण शुक्राणूच्या निरोपाच्या साखळीत असू शकतं का आणि पुढच्या वेळी इक्सी करावी का, हा प्रश्न तुमच्या वतीने कुणी विचारेल याची वाट पाहू नका. जनुकीय तपासणीचा विषय काढायचीही हीच वेळ. आणि या भेटीला दोघं मिळून जा.